२८१ गुण, ७५ चा स्कोअर आणि परवाना : दंतवैद्यांच्या परीक्षांचे निकाल कसे वाचावेत

नाशिकमधल्या सातपूरच्या एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : "मुलीची बीडीएस पंचवटीतल्या कॉलेजातून झाली, इंटर्नशिपही संपली. नीट-एमडीएसमध्ये ९६० पैकी २८१ गुण आले. टक्केवारी काढली तर तीससुद्धा भरत नाही, तरी निकालात ती पात्र आहे. तिचा वर्गमित्र अमेरिकेची आयएनबीडीई पास झाला, पण गुण विचारले तर म्हणतो कागदावर गुणच नसतात. आणि क्लासवाले सांगतात की आता नेक्स्ट दिल्याशिवाय दवाखाना टाकता येणार नाही. यातलं खरं काय, आणि तिने आता काय करावं?"

आधी परवान्याचं, कारण ते सगळ्यात निकडीचं आहे.

नीट-एमडीएस ही एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रवेशाची परीक्षा. तिचा निकाल आणि प्रॅक्टिसचा परवाना यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आपल्याकडे दंतवैद्याला परवाना मिळत आला आहे तो १९४८ च्या दंतवैद्य कायद्याखाली, राज्याच्या रजिस्टरमध्ये नाव चढल्यावर. महाराष्ट्रात ते काम मुंबईची महाराष्ट्र राज्य दंत परिषद करते. त्यासाठी लागते बीडीएसची पदवी आणि एक वर्षाची पूर्ण झालेली इंटर्नशिप. आपल्या मुलीची परवान्याची परीक्षा म्हणायची तर ती अंतिम वर्षाचीच. आठ विषय, प्रत्येकात लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हीकडे किमान ५० टक्के, आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा निकाल. तो टप्पा ती कधीच ओलांडून गेली आहे. इंटर्नशिपच्या वेळची तात्पुरती नोंदणी वेगळी आणि कायमची नोंदणी वेगळी. कायमची हातात येईपर्यंत स्वतःच्या नावाची पाटी लावायची नाही, दुसऱ्याच्या दवाखान्यात स्वतंत्रपणे पेशंटही बघायचे नाहीत. "निकाल लागला, इंटर्नशिप झाली, मग झालंच की" असं समजून कॉलेज रोडवरच्या एखाद्या क्लिनिकमध्ये बसायला लागणारी मुलं पुष्कळ असतात. मधल्या काळात एखाद्या पेशंटची तक्रार झाली तर त्यांच्या बाजूने उभा राहील असा एकही कागद त्यांच्याकडे नसतो.

आता नेक्स्टचं. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोग कायदा केला. १९४८ च्या कायद्याची जागा घेणारा तो कायदा. त्यात नॅशनल एक्झिट टेस्ट (डेंटल) अशी एक समान परीक्षा ठेवली आहे. बीडीएसच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा, प्रॅक्टिसची नोंदणी आणि एमडीएसचा प्रवेश ही तिन्ही कामं तिनेच व्हावीत, आणि परदेशातून पदवी घेऊन आलेल्यांनाही तीच असावी, अशी रचना आहे. क्लासवाले हवेतून बोलत नाहीत ते एवढ्यापुरतंच. पण ज्यांची नोंदणी जुन्या कायद्याखाली होऊन गेली आहे त्यांचं नाव पुढच्या रजिस्टरमध्ये धरलं जातं, त्यांनी पुन्हा परीक्षा द्यायची नाही. म्हणून आपल्या मुलीने या आठवड्यात करायचं काम एकच : कायमच्या नोंदणीचा अर्ज. नेक्स्टच्या नावाने आज कुणी वर्षभराची फी मागत असेल तर आधी त्या परीक्षेची अधिकृत अधिसूचना, अभ्यासक्रम आणि तारीख दाखवायला सांगा. तिन्ही समोर ठेवता आली नाहीत तर पैसे भरू नका.

दवाखाना टाकायला नोंदणीशिवाय बाकीचंही लागतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी आणि दाताच्या एक्स-रे यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडची नोंदणी, या दोन गोष्टी लोक हमखास मागे ठेवतात. पण तो वेगळा विषय आहे.

आता २८१ गुणांकडे वळू.

सगळा घोळ होतो तो एका गोष्टीने : निकालावर दिसणारा प्रत्येक आकडा आपण शाळेतल्या गुणांसारखा वाचतो. शंभरपैकी किती, पस्तीसच्या वर की खाली. दंतवैद्यांच्या परीक्षांत हे चालत नाही, कारण त्या दोन वेगळ्या जातीच्या आहेत. पेठ रोडच्या आरटीओत गाडी चालवायची टेस्ट असते तिथे तुमच्या पुढच्याने गाडी कशी चालवली याने तुम्हाला काही फरक पडत नाही. तुम्ही नीट चालवली की लायसन्स मिळालं, त्या दिवशी शंभर जण पास झाले तरी शंभरांना मिळतं. पोलीस भरतीत तसं नसतं. जागा ठरलेल्या, उमेदवार अनेक, आणि तुमचे गुण चांगले की वाईट हे बाकीच्यांना किती पडले यावर ठरतं. आयएनबीडीई ही लायसन्सच्या टेस्टच्या जातीची. नीट-एमडीएस ही भरतीच्या जातीची. एकीचा आकडा दुसरीच्या मापाने मोजला की २८१ हे अपयश वाटायला लागतं आणि नुसतं "पास" हे लपवाछपवी वाटायला लागतं.

नीट-एमडीएस घेते एनबीईएमएस, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळ. प्रश्न २४०, वेळ तीन तास. पहिल्या भागात १०० प्रश्न, दुसऱ्यात १४०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला उणे एक, सोडलेल्याला शून्य. म्हणून एकूण ९६०. आता २८१ कसे पडतात ते मांडून बघा. समजा १०० उत्तरं बरोबर आली : ४००. चुकली ११९ : उणे ११९. सोडली २१. झाले २८१. २१९ प्रश्न सोडवून १०० बरोबर, म्हणजे सोडवलेल्यांपैकी जवळपास ४६ टक्के. "२९ टक्के" हा आकडा ऐकायला जितका वाईट वाटतो तितकी परिस्थिती वाईट नाही. आणि परीक्षाच अशी काढलेली असते की मधला विद्यार्थी निम्म्यापेक्षा खालीच राहील, नाहीतर वरच्यांना एकमेकांपासून वेगळं करता येणार नाही.

पात्रता ठरते ती गुणांवर नाही, पर्सेंटाइलवर. खुल्या प्रवर्गाला ५०, एससी, एसटी, ओबीसींना ४०, खुल्या प्रवर्गातल्या दिव्यांगांना ४५. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ५० पर्सेंटाइल याचा अर्थ परीक्षा दिलेल्यांपैकी निम्मे तुमच्याइतक्या किंवा तुमच्यापेक्षा कमी गुणांवर आहेत. बस, एवढाच. वीस हजार जण बसले असं धरलं तर दहा हजारावा उमेदवार जिथे उभा आहे तिथे रेघ. त्या उमेदवाराला किती गुण पडले हे दर वर्षी बदलतं. खुल्या प्रवर्गासाठी २०२३ साली ती रेघ २७२ वर होती, २०२४ साली २६३ वर. पेपर सोपा की अवघड, आणि कोण कोण बसलं, यावर ती वरखाली होते. म्हणून "मागच्या वर्षी माझ्या बहिणीला २६५ होते तरी ती बाहेर राहिली आणि ही २६५ ला आत कशी" या प्रश्नाला अर्थ राहत नाही. दोघींचे २६५ वेगवेगळ्या पेपरांचे आणि वेगवेगळ्या गर्दीतले आहेत.

याचं सगळ्यात उघड उदाहरण २०२४ चं. कौन्सिलिंगचे, म्हणजे जागावाटपाचे राउंड होऊन गेले तरी एमडीएसच्या जागा रिकाम्या राहिल्या, तेव्हा पात्रतेची रेघच खाली आणली. खुल्या प्रवर्गासाठी ५० वरून २८.३०८ पर्सेंटाइलवर, राखीव प्रवर्गांसाठी १८.३०८ वर. ज्या मुलांनी महिन्यांपूर्वी निकाल बघून पुस्तकं बांधून ठेवली होती ती एका परिपत्रकाने पात्र झाली, गुण एकाचाही न वाढता. दर वर्षी असं होईलच असं धरून चालू नका. पण अपात्र आल्यावर कौन्सिलिंग संपेपर्यंत एमसीसी (देशपातळीवरचे प्रवेश देणारी केंद्राची समिती) आणि राज्य सीईटी कक्षाच्या सूचना बघत राहणं सोडूही नका. कटऑफ खाली आल्यावर नव्याने नोंदणी करायला चार-पाच दिवसच मिळतात आणि कागद तयार नसलेली मुलं तिथेच गळतात.

रिकाम्या जागा कुठे राहतात तेही समजून घ्या. एमडीएसच्या नऊ शाखा आहेत. ऑर्थो (वेडेवाकडे दात सरळ करणं), कॉन्झर्व्हेटिव्ह-एन्डो (दात भरणं, रूट कॅनाल), प्रोस्थो (कवळी, कॅप), ओरल सर्जरी, पेडो (मुलांचे दात) यांना झुंबड असते. ओरल पॅथॉलॉजी आणि पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री यांच्या जागा शेवटपर्यंत पडून राहतात. तेव्हा "पात्र" या शब्दाचा अर्थ "जागा मिळेल" असा नाही आणि "हवी ती शाखा मिळेल" असा तर मुळीच नाही. २८१ म्हणजे रांगेत उभं राहायची चिठ्ठी. सरकारी दंत महाविद्यालयं, म्हणजे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि मुंबई महापालिकेचं नायर, इथल्या क्लिनिकल शाखा या गुणांना लांब आहेत. हे आत्ताच स्पष्ट माहीत असलेलं बरं. खासगी कॉलेजात काय मिळू शकतं ते फीवर ठरतं. तीन वर्षांची फी, वसतिगृह आणि हप्ता असा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय चॉइस, म्हणजे कॉलेज आणि शाखांचे पसंतीक्रम, भरू नये.

चुकलेल्या ११९ आणि सोडलेल्या २१ प्रश्नांविषयी थोडं थांबून बोलतो, कारण तिला पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर इथेच फरक पडतो. उणे गुणांच्या भीतीने मुलं प्रश्न सोडतात. गणित वेगळं सांगतं. चार पर्यायांपैकी डोळे झाकून एक निवडला तर चारात एकदा +४ आणि तीनदा −१. सरासरी प्रत्येक प्रश्नाला पाव गुण हातात येतो. एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं तर सरासरी पाव गुणावरून दोन तृतीयांश गुणावर जाते, आणि दोन पर्याय उडवता आले तर प्रत्येक प्रश्नाला दीड गुण. म्हणजे प्रश्न कोरा सोडून वाचवल्यासारखं वाटतं, पण वाचत काहीच नाही. मधल्या पट्ट्यात मुलं इतकी दाटीने असतात की पाच-सहा गुणांनी रँक कुठल्या कुठे सरकते. मात्र यातला दुसरा धडा जास्त मोलाचा आहे. ११९ चुकांपैकी किती "माहीतच नव्हतं" या कारणाने आणि किती "दोनमध्ये अडकले, चुकीचा धरला" या कारणाने, हे सराव पेपरांत नोंदवून ठेवायला लावा. पहिल्या जातीच्या चुका वाचनाने जातात. दुसऱ्या जातीच्या वाचनाने जात नाहीत. त्या जातात तेच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवून आणि "दुसरा पर्याय चुकीचा का" हे एका ओळीत लिहून. बेसिक विषयांत, म्हणजे अॅनाटॉमी, डेंटल मटेरियल्स, फार्मॅकॉलॉजी यांत दुसऱ्या जातीच्या चुका सगळ्यात जास्त असतात. झिंक फॉस्फेट आणि ग्लास आयोनोमर सिमेंट दोन्ही माहीत असतात, पण पल्पला (दाताच्या आतल्या नसेला) जास्त त्रासदायक कोणतं आणि का, इथे हात थरथरतो.

गुणांची फेरतपासणी करता येईल का, हा प्रश्न निकालानंतर प्रत्येक घरात निघतो. एनबीईएमएसकडे पुनर्मूल्यांकन किंवा फेरतपासणी नाही. ती संगणकावरची परीक्षा आहे आणि निकाल अंतिम आहे. "मंडळात ओळख आहे, गुण वाढवून देतो" असा फोन आला तर तो फसवणुकीचाच असतो. पैसे तर जातातच, वर त्याला अॅप्लिकेशन आयडी आणि पासवर्ड दिला असेल तर चॉइस भरताना घोटाळा होतो. निकाल आधी पीडीएफ यादीत येतो, त्यात रोल नंबर, गुण आणि रँक असते. स्कोअरकार्ड नंतर स्वतःच्या लॉगिनवर येतं. ते आल्या दिवशी डाउनलोड करून दोन ठिकाणी ठेवा, चार रंगीत प्रिंट काढा. कौन्सिलिंगच्या दिवशी सायबर कॅफेत पासवर्ड आठवत बसायची वेळ नको.

आणि एक : निकालावरची रँक ही देशभरातली आहे. तिचा उपयोग एमसीसीच्या कौन्सिलिंगमध्ये होतो : सरकारी कॉलेजांतल्या ५० टक्के अखिल भारतीय जागा आणि अभिमत विद्यापीठांतल्या सगळ्या. महाराष्ट्रातल्या राज्य कोट्याच्या जागा सीईटी कक्ष भरतो आणि त्यासाठी वेगळी राज्य गुणवत्ता यादी लागते. दोन्हीकडे वेगवेगळी नोंदणी, वेगवेगळी फी, वेगवेगळ्या तारखा. एकीकडे नोंदणी केली म्हणजे दुसरीकडे आपोआप झाली असं नाही. या चुकीने दर वर्षी मुलं बाहेर राहतात.

राखीव प्रवर्गातून जाणार असाल तर दोन्हीकडचे दाखले वेगळे, हे आजच डोक्यात घ्या. व्हीजे, एनटी, एसबीसी हे प्रवर्ग महाराष्ट्राचे आहेत, एमसीसीच्या फॉर्मवर ते दिसणारच नाहीत. त्यांतल्या पुष्कळ जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. आपली जात तिथे असेल तर तहसील कार्यालयातून केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी-एनसीएल दाखला काढावा लागतो. राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेअर दाखला तिथे चालत नाही. राज्य कोट्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवं आणि नॉन-क्रीमीलेअर मुदतीतलं हवं, मुदतीचा ३१ मार्च उलटला की जुनं संपतं. नीट-एमडीएसचं वेळापत्रक नेमकं आर्थिक वर्षाच्या सांध्यावर येऊ शकतं, म्हणून अर्ज करताना चालू असलेला दाखला पडताळणीच्या दिवशी शिळा झालेला असतो.

आता वर्गमित्राच्या कागदावर गुण का नाहीत.

आयएनबीडीई ही अमेरिकेतल्या दंतवैद्यांची राष्ट्रीय लेखी परीक्षा. पूर्वी एनबीडीईचे दोन भाग असायचे. पहिला २०२० अखेर बंद झाला, दुसरा २०२२ मध्ये, आणि त्यांच्या जागी ही एकच आली. एकूण ५०० प्रश्न, दोन दिवस : पहिल्या दिवशी ३६०, दुसऱ्या दिवशी १४०, आणि दुसऱ्या दिवशीचे सगळे केसवर आधारलेले. पेशंटचं वय, औषधं, रक्तदाब, एक्स-रे, तक्रार असं सगळं समोर देतात आणि त्यावरून विचारतात. गुण ४९ ते ९९ या मोजपट्टीवर बसवतात, ७५ ला पास. पण जो पास होतो त्याला फक्त "पास" एवढंच कळवतात. नापास झालेल्याला मात्र त्याचा स्कोअर आणि कुठल्या भागात किती कमी पडला हे सांगतात, म्हणजे तयारी कुठे करायची ते त्याला कळावं. तुमच्या मुलीचा मित्र काही लपवत नाही, त्याच्या हातात आकडा आलेलाच नाही.

ही पद्धत मुद्दाम केलेली आहे. ही परीक्षा विचारते एवढंच : पेशंटच्या तोंडात हात घालायला हा माणूस किमान सुरक्षित आहे का? ९२ वाल्याने ७८ वाल्यापेक्षा पुढे उभं राहावं हा तिचा हेतू नाही. म्हणून ७५ म्हणजे ७५ टक्के नव्हेत आणि ५०० पैकी ३७५ प्रश्न बरोबर आले असाही अर्थ नाही. तज्ज्ञ आधी ठरवतात की काठावरचा, पण सुरक्षित दंतवैद्य किती उत्तरं बरोबर देईल. ती पातळी मोजपट्टीवर ७५ ला बसवतात. पेपरचा एखादा संच जरा अवघड निघाला तर कमी बरोबर उत्तरांनाही ७५ मिळतात, सोपा निघाला तर जास्त लागतात. कॅनडाच्या दंत परीक्षा मंडळाची (एनडीईबी) एएफके ही लेखी परीक्षाही अशीच : गुण पुन्हा मोजपट्टीवर बसवतात आणि ७५ ला पास. परदेशातली पदवी घेऊन आपल्याकडे येणाऱ्यांसाठी एनबीईएमएस जी स्क्रीनिंग टेस्ट घेते, एफडीएसटी, तीही याच जातीची. किमान ५० टक्के, तिथे रँकला काही महत्त्व नाही.

पण आयएनबीडीई पास म्हणजे अमेरिकेत परवाना मिळाला, ही समजूत फार महागात पडते. भारतीय बीडीएसला तिथे बहुतेक राज्यांत थेट परवाना नाही. पास झाल्यावर कॅपिड या एकत्रित अर्जाच्या पोर्टलमार्फत परदेशी दंतवैद्यांसाठीच्या अॅडव्हान्स्ड स्टँडिंग प्रोग्रॅमला अर्ज करायचा, इंग्रजीची टोफेल द्यायची, मुलाखत आणि कधी बेंच टेस्ट (हातकामाची चाचणी), मग दोन ते तीन वर्षं तिथल्या कॉलेजात शिकायचं, त्यानंतर क्लिनिकल परीक्षा, आणि तेव्हा कुठे राज्याचा परवाना. खर्चाचा मोठा भाग परीक्षेत नाही, त्या दोन-तीन वर्षांत आहे. कर्जाची चौकशी आयएनबीडीईच्या आधी करावी, नंतर नाही. प्रयत्नांनाही मर्यादा आहे : पाच वर्षं किंवा पाच प्रयत्न, जे आधी संपेल ते. त्यानंतर वर्षातून एकदाच बसता येतं. "पेपरचा अंदाज घ्यायला एकदा जाऊन येतो" हा विचार इथे करू नये.

इंग्लंडचा मार्ग ओआरई, म्हणजे परदेशी पदवीधरांची नोंदणी परीक्षा. तिथेही गुणांची चढाओढ नाही. भाग एक संगणकावरचा. भाग दोनमध्ये डमी डोक्यावरचं काम, ओएससीई (टप्प्याटप्प्याने घेतलेलं प्रात्यक्षिक), निदान-उपचार नियोजन आणि तातडीचे वैद्यकीय प्रसंग. प्रत्येक भागाला चार प्रयत्न, आणि पहिला भाग प्रथम दिल्यापासून पाच वर्षांत दुसरा उरकायचा. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत सरासरी ७, कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही. खरी अडचण जागांची. भाग एकच्या जागा उघडल्या की मिनिटांत संपतात. आखाती देशांत परीक्षा त्यामानाने सोपी, पण डेटाफ्लो या संस्थेची कागदपत्रांची पडताळणी लांबते आणि अनुभवाचं प्रमाणपत्र लागतं.

क्लासच्या होर्डिंगवर "पहिल्या शंभरात आमचे इतके" असं लिहिलेलं असतं. त्यातला आकडा खोटा असेलच असं नाही, पण छेद लिहिलेला नसतो. दोनच गोष्टी विचारा. एकूण किती मुलं बसवली, आणि पहिल्या प्रयत्नातली किती? आयएनबीडीईच्या बाबतीत तर आणखी एक : तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजातली मुलं आणि बाहेरून आलेली मुलं यांचं पास होण्याचं प्रमाण फार वेगळं असतं, बाहेरून आलेल्यांत नापासांचा वाटा बराच मोठा. सगळ्यांची मिळून काढलेली टक्केवारी तुमच्या मुलीला काही सांगत नाही.

शेवटी कागदांचं, आणि इथे नाशिककरांना एक मोठी सोय आहे ती पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच, दिंडोरी रोडला म्हसरूळला आहे. १९९८ साली स्थापन झालेलं. अभिमत विद्यापीठांतले सोडले तर राज्यातल्या बीडीएसवाल्यांना ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने प्रमाणित केलेली गुणांची नोंद) आणि पदवीच्या पडताळणीसाठी त्याच दारात यावं लागतं. कोल्हापूर-नांदेडची मुलं रात्रीचा प्रवास करून येतात, आपण निमाणीवरून बसने जाऊ शकतो. अमेरिकेसाठी ईसीई (परदेशी पदव्या तपासणारी संस्था), कॅनडासाठी एनडीईबी, आखातासाठी डेटाफ्लो, या सगळ्या संस्था विद्यापीठाकडूनच खातरजमा करून घेतात. म्हणून ट्रान्सक्रिप्टचे तीन-चार संच एकदमच मागवून ठेवा. चारही वर्षांच्या गुणपत्रिका लागतात, एटीकेटी किंवा नापासाच्या असतील त्यासुद्धा. त्या लपवून उपयोग नाही, प्रयत्नांचा दाखला कॉलेज देतंच आणि दोन्हीत विसंगती आली की फाइल थांबते.

सगळ्यात जास्त फायली अडतात त्या नावावर. आपल्याकडे बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि "गिव्हन नेम"मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र. परदेशातला कारकून आपली गुणपत्रिका डावीकडून उजवीकडे वाचतो आणि शेवटचा शब्द आडनाव धरतो. म्हणजे मुलीच्या वडिलांचं नाव तिचं आडनाव होऊन बसतं. मग डेंटपिन (अमेरिकी परीक्षेसाठीचा ओळख क्रमांक) एका नावाने, ईसीईचा अहवाल दुसऱ्या नावाने, आणि परीक्षा केंद्रावर पासपोर्ट तिसऱ्या क्रमाने. यात पुन्हा स्पेलिंग : "व" साठी एका कागदावर व्ही, दुसऱ्यावर डब्ल्यू. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नोंद दोन्ही लागतात.

म्हणून क्रम असा ठेवा. आज पासपोर्ट, बीडीएसची पदवी, दंत परिषदेचा फॉर्म आणि आधार चारही टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. पदवीवर चूक असेल तर ती आधी विद्यापीठात दुरुस्त करून घ्या, कारण बाकीचे सगळे कागद तिच्यावरून निघतात. मग दंत परिषदेची कायमची नोंदणी, त्याच स्पेलिंगने. नोंदणी झाली की नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहा. नोंदणी लॅप्स झाली की गुड स्टँडिंगचं, म्हणजे नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचं प्रमाणपत्र मिळत नाही. ते प्रमाणपत्र काही महिन्यांतच शिळं होतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी, अर्ज पाठवायच्या तोंडावरच काढायचं. नीट-एमडीएसच्या चॉइस भरायच्या असतील तर त्या तारखा याच्या आधी येतील. त्या हुकवू नका. पण नावाची दुरुस्ती त्यांच्यासाठी थांबवूही नका, कारण विद्यापीठात तिला लागणारे आठवडे आपल्या हातात नसतात.